मिरची खाऊन वाजवलेला टँगो

एप्रिल-मे महिन्यात वर्षाचं तिखट करणाऱ्या बाईला मिरची म्हणजे काय हे कुणी सांगायला नको. देठं खुडून खुडून हाताची होणारी आग, कांडपावर उभं राहिल्यावर लागणारा ठसका, घरी येईपर्यंत नाकाडोळ्यांतून वाहणारं पाणी, हे सगळं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. आता अशी कल्पना करा, मैत्रिणींनो, की आपल्या रोजच्या मिरचीपेक्षा पंचवीस ते चाळीसपट तिखट अशी मिरची चाळीसेक माणसांनी एकाच वेळी तोंडात टाकली आहे. त्यांत पुरुष आहेत तशा बायकाही आहेत. सगळे समारंभाच्या कपड्यांत, हारीने खुर्च्यांवर बसलेले. मिरची चावून झाली, गिळून झाली आणि लगेच सगळ्यांनी व्हायोलिन, बासरी, ट्रम्पेट उचलून अर्धवट राहिलेली धून पुढे वाजवायला घेतली.

ही कल्पना नाही, खरंच घडलेलं आहे. डेन्मार्क देशाच्या रेडिओचा एक छोटा वाद्यवृंद होता, त्यातले हे वादक. २०१४च्या ऑक्टोबरमध्ये त्यांची ही फिल्म जगासमोर आली आणि लाखो लोकांनी ती पाहिली. बहुतेकांनी हसून सोडून दिली असेल. चेहरे लालबुंद होताहेत, घाम फुटतोय, डोळ्यांतून धारा लागल्यात, कुणी श्वास घ्यायला धडपडतंय, पण सूर काही सुटत नाही. बघताना हसू येतंच. पण ही माणसं वाजवत होती तेव्हा त्यांच्या नोकरीचे जेमतेम दोन महिने उरले होते, हे कळल्यावर मात्र हसू जरा आवरतं.

त्यासाठी आधी या वाद्यवृंदाची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला हवी.

डेन्मार्क म्हणजे युरोपच्या उत्तरेचा चिमुकला देश. २०१४ साली तिथली लोकसंख्या साधारण ५६ लाख होती, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्मीही नाही. तिथे सरकारी रेडिओ सुरू झाला १९२५ साली. आपल्याकडे जसं पूर्वी पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरावं लागायचं, तसं तिथेही घरोघरचे लोक वर्षाची फी भरायचे आणि त्या पैशांवर रेडिओ चालायचा. त्या काळी बराचसा कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा, म्हणजे तुमच्या घरात संध्याकाळी गाणं ऐकू येत असेल तर त्याच क्षणी कोपनहेगनच्या स्टुडिओत कुणीतरी ते वाजवत असणार. म्हणूनच रेडिओला स्वतःचे, पगारी वादक लागायचे. एक मोठा सिंफनी वाद्यवृंद तर रेडिओपाशी होताच. १९३९ साली त्याच्या जोडीला दुसरा, लहान वाद्यवृंद उभा राहिला.

त्याचं डॅनिश भाषेतलं नाव मोठं गंमतीदार आहे. सरळ मराठी करायचं तर 'रेडिओचा मनोरंजन वाद्यवृंद'. मोठ्या वाद्यवृंदाने गंभीर, भारदस्त संगीत वाजवायचं आणि या धाकट्याने लोकांना जरा हसवायचं, डोलवायचं, अशी ही वाटणी. ऑपेरेटामधली गाणी, नाचाच्या धुना, नाटक-सिनेमातलं संगीत, करमणुकीच्या कार्यक्रमांची साथ, सगळं याच्या वाट्याला. पुढे इंग्रजीत त्याला 'चेंबर ऑर्केस्ट्रा' म्हणू लागले. चेंबर म्हणजे खोली. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात मावेल एवढाच वाद्यमेळ, असा त्याचा मूळ अर्थ. सिंफनी वाद्यवृंदात नव्वद-शंभर माणसं असतात, इथे चाळीस-बेचाळीस. आपल्याकडे मोठा जलसा आणि घरातली बैठक यांत जो फरक, तसाच काहीसा. बैठकीत गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. इथेही एकाचा सूर हलला तर तो गर्दीत लपत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. मूकपटांच्या काळात प्रत्येक मोठ्या थिएटरमध्ये पडद्यापुढे वादक बसायचे. पडद्यावर मारामारी सुरू झाली की जोरात, नायिका रडायला लागली की हळू, असं त्यांचं चालायचं. कोपनहेगनच्या पॅलाड्स थिएटरात वाद्यवृंदाचा प्रमुख होता याकोब गाडे नावाचा व्हायोलिनवादक. १९२५च्या सप्टेंबरमध्ये तिथे डग्लस फेअरबँक्सचा 'डॉन क्यू, सन ऑफ झोरो' हा सिनेमा लागायचा होता. त्यासाठी गाडेने एक टँगो रचला आणि त्याला नाव दिलं 'जलूझी', म्हणजे मत्सर. सिनेमा आला आणि गेला, पण तो टँगो मागे राहिला. अमेरिकेत १९३५ साली बॉस्टन पॉप्स वाद्यवृंदाने त्याची तबकडी काढली आणि ती धून जगभर पोचली. गाडेचं उरलेलं आयुष्य त्या एका धुनेच्या मानधनावर सुखात गेलं. तरुण वादकांना मदत मिळावी म्हणून त्याच्या नावाने एक निधीही उभा राहिला.

पण सगळे वादक गाडेइतके नशीबवान कुठले! १९३० सालच्या आसपास बोलपट आले आणि जगभरच्या थिएटरांतले हजारो वादक एका झटक्यात घरी बसले. पडदाच गाऊ-बोलू लागल्यावर खाली बसलेल्यांना कोण विचारणार? पोटापाण्यासाठी अशा वादकांना जे थोडे आसरे उरले, त्यांत रेडिओ हा मोठा. एका यंत्राने काढून घेतलेला घास दुसऱ्या यंत्राने दिला, असंच म्हणायला हवं. पुढे काय झालं ते ऐकल्यावर तुम्हाला हे वाक्य परत आठवेल.

वाद्यवृंद सुरू होऊन वर्ष उलटतं न उलटतं तोच ९ एप्रिल १९४० रोजी हिटलरच्या फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या. पाच वर्षं देश जर्मनांच्या टाचेखाली होता आणि रेडिओवर त्यांची कात्री होती. लोक चोरून लंडनहून येणाऱ्या डॅनिश बातम्या ऐकायचे. ४ मे १९४५च्या संध्याकाळी त्याच बातम्यांमध्ये जर्मन फौजांनी शरणागती पत्करल्याचं सांगितलं गेलं आणि लोकांनी खिडक्यांचे काळे पडदे ओढून काढून तिथे मेणबत्त्या लावल्या. आजही ४ मेच्या संध्याकाळी डेन्मार्कमध्ये कितीतरी घरांच्या खिडकीत मेणबत्ती लागते. त्या देशात रेडिओ हे नुसतं करमणुकीचं खोकं का नव्हतं, हे यावरून कळावं.

युद्धानंतरचा काळ या वाद्यवृंदाच्या भरभराटीचा. टेडी पीटरसन, काय मॉर्टेन्सन अशी त्याच्या संचालकांची नावं तिथल्या घराघरांत माहीत झाली. यांच्याच मालिकेत एक बाई होत्या, ग्रेटे कोल्बे. हातात छडी घेऊन चाळीस वादकांपुढे बाई उभी राहते आणि तिच्या हाताच्या इशाऱ्यावर सगळे पुरुष वाजवतात, हे तेव्हा युरोपातही सहज पचणारं नव्हतं. व्हिएन्नाच्या जगप्रसिद्ध फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने तर १९९७ सालापर्यंत बाईला सभासदसुद्धा करून घेतलं नव्हतं! संचालक तर लांबच राहिली. कोल्बेबाई त्याच्या कितीतरी आधी रेडिओवरून डेन्मार्कच्या स्वयंपाकघरांत पोचल्या होत्या. 'हलकंफुलकं संगीत' म्हणून नाक मुरडलं जायचं, पण त्या हलक्याफुलक्या दालनातच बाईसाठी दार आधी उघडलं, हे मला फार बोलकं वाटतं. मानाच्या जागा शेवटीच मिळतात.

दूरदर्शन आलं तेव्हाही हा वाद्यवृंद मागे पडला नाही. युरोपातल्या देशांची गाण्यांची मोठी स्पर्धा असते, युरोव्हिजन. तिच्यासाठी डेन्मार्कचं गाणं निवडायचा सोहळा दरवर्षी टीव्हीवर व्हायचा आणि कितीतरी वर्षं त्याला साथ होती ती याच वादकांची. १९६४ साली युरोव्हिजन कोपनहेगनमध्ये भरली, तेव्हा संगीताची सूत्रं काय मॉर्टेन्सन यांच्याकडे होती. आजी, आई आणि नात अशा तिघींनाही ज्यांचा आवाज ओळखीचा, अशी ही मंडळी.

मग १९९८ साली हंगेरीचे ॲडम फिशर प्रमुख संचालक झाले आणि या धाकट्या भावंडाचा नूरच बदलला. फिशर यांच्या लक्षात आलं की चाळीस वादक ही कमतरता नाही, उलट मोत्झार्टसारख्या संगीतकाराला नेमकी एवढीच माणसं हवीत. अडीचशे वर्षांपूर्वी वाद्यवृंद लहानच असायचे. मोत्झार्टने आठ वर्षांचा असताना पहिली सिंफनी लिहिली, तेव्हा त्याच्यापुढे शंभर वादकांचा ताफा नव्हता. फिशर आणि या वादकांनी मोत्झार्टच्या एकूण एक सिंफनी ध्वनिमुद्रित करायला घेतल्या. २००६ साली सुरुवात झाली, २०१३ साली काम संपलं. ४५ सिंफनी, १२ सीडी. सात-आठ वर्षं नेटाने केलेलं हे काम जाणकारांनी डोक्यावर घेतलं. ज्याला 'मनोरंजनवाले' म्हणून बाजूला बसवत होते, त्याचं नाव आता जगातल्या चांगल्या वाद्यवृंदांबरोबर घेतलं जाऊ लागलं.

आणि नेमकं पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१४मध्ये, रेडिओने जाहीर केलं की हा वाद्यवृंद बंद करण्यात येत आहे. १ जानेवारी २०१५पासून तो नसेल.

कारण तेच, आपल्या ओळखीचं. खर्च कमी करायचाय. मोठा सिंफनी वाद्यवृंद ठेवायचा, धाकटा काढून टाकायचा. याच रेडिओने २००९ साली कोपनहेगनमध्ये नवं संगीतगृह उघडलं होतं. ज्याँ नूव्हेल या फ्रेंच वास्तुरचनाकाराने बांधलेली, रात्री निळ्या पेटीसारखी उजळणारी इमारत. तिचा खर्च अंदाजापेक्षा कितीतरी वर गेला आणि तिथल्या लोकांनी त्यावर बरीच टीकाही केली. भिंती महाग झाल्या, तर भिंतीत वाजवणारी माणसं कमी करायची, हा हिशेब मला कळत नाही. घर बांधताना कर्ज झालं म्हणून घरातली चूल बंद करणारं कुणी माझ्या पाहण्यात नाही. अर्थात रेडिओचीही बाजू असणार. सरकारने हात आखडता घेतला की त्यांनाही कुठेतरी कात्री लावावीच लागते. पण कात्री लावायची वेळ आली की ती आधी गाण्याकडे, वाचनालयाकडे, बायकांच्या शिवणवर्गाकडेच का वळते, हा प्रश्न उरतोच.

आता मिरचीकडे येऊ.

डेन्मार्कमध्ये क्लाउस पिल्गार्ड नावाचा एक अवलिया आहे. मूळचा संगीतातला माणूस, पण त्याला तिखटाचं वेड. जगातल्या जहाल मिरच्या स्वतः खायच्या, नामवंत पाहुण्यांना खायला घालायच्या आणि त्याची फिल्म करायची, यावरून त्याचं नावच 'चिली क्लाउस' पडलं. वाद्यवृंद बंद होण्याची घोषणा होऊन महिना झाला होता, तेव्हा या क्लाउसची आणि वादकांची फिल्म लोकांसमोर आली. धून निवडली होती ती याकोब गाडेचा 'जलूझी' टँगो. ज्या धुनेचा बाप थिएटरातला वादक, तीच धून नोकरी जायला टेकलेल्या वादकांनी वाजवावी, याहून चपखल काय असणार!

मिरच्या साध्या नव्हत्या. तिखटपणा मोजायला स्कोव्हिल नावाचं माप आहे. आपल्या गुंटूर मिरचीचा आकडा साधारण ३५ ते ४० हजार असतो. या वादकांपुढच्या मिरच्यांत आपल्या ईशान्य भारतातली भूत जोलोकिया होती. आसाम-नागालँडची ही मिरची २००७ साली गिनीज बुकात जगातली सगळ्यांत तिखट म्हणून नोंदली गेली, आकडा दहा लाखांच्या वर. तिच्या जोडीला कॅरोलायना रीपर, जिने २०१३ साली पंधरा लाखांचा टप्पा ओलांडून तो मान पटकावला होता. म्हणजे ज्या देशात जेवणात मिरी घातली तरी पुष्कळ, तिथल्या माणसांनी हे खाल्लं.

सुरुवातीला थोडा टँगो वाजतो. मग वाजवणं थांबतं, प्रत्येक जण मिरची उचलतो आणि खातो. आणि धून पुढे सुरू होते. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेला लागलं की मेंदूला वाटतं तोंड भाजलंय, म्हणून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे घटाघटा पाणी प्यायल्याने आग पसरते. दूध, दही, ताक घेतलं तरच उतरते. आपल्या आज्या तिखट लागल्यावर पाण्याऐवजी दह्याची वाटी पुढे करायच्या त्या उगीच नव्हे. पण या वादकांना धून संपेपर्यंत ना पाणी ना दूध. व्हायोलिनवाला निदान रडत रडत वाजवू शकतो. फुंकून वाजवणाऱ्यांचं काय? त्यांना भाजलेले ओठच वाद्याला लावायचे आणि पेटलेल्या घशातून पोटभर श्वास ओढायचा. खोकला आला तर संपलं. तरी टँगो शेवटपर्यंत पोचला. एवढी वर्षं रोज बसून केलेला रियाज काय करतो, ते त्या काही मिनिटांत दिसतं.

ही फिल्म पाहून अनेकांना वाटलं की झालं, आता वाद्यवृंद वाचला. तसं काही झालं नाही. ठरल्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०१४ रोजी रेडिओने आपला पंचाहत्तर वर्षांचा वाद्यवृंद बंद केला. मिरचीने जगाचं लक्ष वेधलं, पण लक्ष वेधणं वेगळं आणि महिन्याच्या महिन्याला पगार निघणं वेगळं. पावतीपुस्तक घेऊन मंडळाची वर्गणी गोळा करायला जी कुणी दारोदार फिरली असेल तिला हे पक्कं ठाऊक असतं. "किती छान काम करता हो तुम्ही" असं दारात दहा जणी म्हणतात, पैसे काढायला आत जाते ती एखादीच.

या मंडळींनी मात्र ते पावतीपुस्तक हातात घेतलं. २०१४ संपायच्या आतच त्यांनी इंटरनेटवरून लोकांकडे मदत मागितली होती. कुणी थोडे दिले, कुणी जास्त. खासगी देणग्यांची जोड मिळाली. एकेकाळी फीच्या रूपाने जे लोक नकळत या वादकांना पोसत होते, त्यांच्यातलेच काही आता आपणहून खिशात हात घालत होते. पूर्वी रेडिओच्या कार्यालयात बसलेली माणसं जी कामं करायची, ती आता वाद्यवृंदाला स्वतः पाहावी लागणार होती. सभागृह मिळवणं, तिकिटं विकणं, जाहिरात करणं, देणगीदार सांभाळणं. व्हायोलिनच्या शाळेत यातलं काही शिकवत नाहीत. फिशर यांनी तर साथ सोडलीच नाही. मोठमोठ्या शहरांतली बोलावणी असलेला हा संचालक या बेघर झालेल्या वादकांबरोबर उभा राहिला. कलेच्या क्षेत्रात मानाचं समजलं जाणारं इस्रायलचं वुल्फ पारितोषिक २०१८ साली त्यांना मिळालं, ब्रिटनच्या पॉल मॅकार्टनींबरोबर.

२०१५पासून हा वाद्यवृंद स्वतंत्र झाला. याच वादकांबरोबर फिशर यांनी बीथोव्हेनच्या नऊही सिंफनी ध्वनिमुद्रित केल्या, त्यांचा संच २०१९ साली आला. त्यापाठोपाठ २०२२ साली ब्राह्म्सच्या चारही सिंफनी आल्या. हे संगीत मोठ्या वाद्यवृंदाचं, एवढ्याशा माणसांनी ते वाजवायचं नसतं, असं मानणारे पुष्कळ आहेत. चाळीस जणांनी ते वाजवलं आणि लोकांनी ऐकलं.

दरम्यान रेडिओची ती घरोघरची फीही डेन्मार्कमधून गेली. टप्प्याटप्प्याने कमी करत २०२२पासून ती पूर्ण बंद झाली आणि खर्च कराच्या पैशातून होऊ लागला.

स्वतंत्र झाल्यावर वाद्यवृंदाला नवं नाव घ्यावं लागलं. रेडिओची 'डीआर' ही दोन अक्षरं पाटीवरून काढली. इंग्रजीत आता तो 'डॅनिश चेंबर ऑर्केस्ट्रा' आहे. एवढ्या मोत्झार्ट-बीथोव्हेननंतर डॅनिश नावही चांगलं भारदस्त घेता आलं असतं. पण ज्या शब्दावरून पंचाहत्तर वर्षं त्यांना धाकटं समजलं गेलं, तो त्यांनी पाटीवर तसाच ठेवला: डेन्मार्कचा मनोरंजन वाद्यवृंद.